लसणाचा भाव कालचाच का दिसतो? हायबरनेटच्या क्वेरी कॅशमधली पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारी अडचण

‘मॅडम, लसूण कालचाच दाखवतोय.’

शेतमालाचे भाव दाखवणारं आमचं अॅप वापरणाऱ्या एका बाजार समितीच्या कारकुनाचा हा फोन चार महिन्यांत मला सहा वेळा आला. वेळ ठरलेली, दुपारी साडेअकरा ते बाराच्या मधली, लिलाव आटोपून आडते चहाला गेलेले असताना. कांद्याचा भाव ताजा, टोमॅटोचा ताजा, पण लसूण जुना. एकदा मेथीदाणा जुना, एकदा हळद. दर वेळी आम्ही सर्व्हर रिस्टार्ट केला, भाव लगेच बरोबर दिसू लागला आणि तक्रार बंद झाली. सहाव्या वेळी मात्र मी रिस्टार्ट करू दिला नाही. त्या स्क्रीनवरचा भाव बघून कुणीतरी पिकअपमध्ये गोण्या चढवायच्या की नाही हे ठरवत असतो. रिस्टार्टने भाव सुधारत होता, पण कारण दर वेळी पुसलं जात होतं.

जावा अॅपमधले ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं यांची सांगड घालणारी लायब्ररी म्हणजे हायबरनेट, आणि एकदा आणलेला डेटा पुन्हा लागेल म्हणून मेमरीत ठेवायची जागा म्हणजे कॅश. ही नोंद हायबरनेट ५.६, स्प्रिंग बूट २.७ (जावा अॅपची चौकट) आणि जेकॅश या प्रमाणित जोडणीमार्फत जोडलेल्या एहकॅश ३ (कॅश सांभाळणारी लायब्ररी) या मांडणीवरची आहे. हायबरनेट ६ मध्ये जे बदललंय ते त्या त्या ठिकाणी सांगते.

आधी बघा: कोणती एसक्यूएल गेली?

‘कॅशचा लोचा आहे’ असं सगळेच म्हणतात, पण हायबरनेटमध्ये कॅश नावाच्या निदान चार गोष्टी आहेत आणि चौघींचे आजार वेगळे. पहिली सेशनची (डेटाबेसशी एका कामापुरत्या चाललेल्या संवादाची) स्वतःची. एका सेशनमध्ये एकदा आणलेला ऑब्जेक्ट पुन्हा मागितला की तोच हातात येतो, मधल्या काळात डेटाबेसमध्ये काहीही बदललेलं असो. दुसरी सेकंड लेव्हल कॅश, जी सगळ्या सेशनमध्ये सामायिक असते आणि आयडीवरून एकेक एंटिटी (टेबलातल्या एका ओळीचा ऑब्जेक्ट) देते. तिसरी क्वेरी कॅश, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा (क्वेरीचा) निकाल साठवणारी, आजचा विषय. चौथी क्वेरी प्लॅन कॅश. तिच्यात डेटा नसतोच, पार्स केलेल्या क्वेरी असतात. नावं सारखी असल्याने तिसरी आणि चौथी यांची गल्लत मी अनुभवी माणसांकडूनही होताना पाहिली आहे.

म्हणून जुना डेटा दिसला की सगळ्यात आधी ‘ऑर्ग.हायबरनेट.एसक्यूएल’ हा लॉगर (डेटाबेसकडे जाणारी प्रत्येक एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतली क्वेरी, लॉगमध्ये लिहिणारा) डीबग पातळीवर चालू करायचा आणि तीच स्क्रीन पुन्हा उघडायची. मुख्य क्वेरी डेटाबेसकडे गेली आणि तरीही जुनाच आकडा आला, तर क्वेरी कॅशचा काही दोष नाही. बहुतेक वेळा एखादं लांबलेलं सेशन जुना ऑब्जेक्ट धरून बसलेलं असतं, किंवा वाचन मागे राहिलेल्या रेप्लिकावरून (डेटाबेसच्या प्रतीवरून) होत असतं. मुख्य क्वेरी गेलीच नाही, तर उत्तर सामायिक कॅशमधून आलं.

आमच्या लॉगमध्ये दिसलं ते या दोन्हींच्या मधलं होतं, आणि मी आधीच्या पाच वेळा ते वाचताना चुकले होते. लसणाच्या स्क्रीनसाठी ‘या शेतमालाचे शेवटचे ७ भाव, तारखेने उतरत्या क्रमाने’ अशी एक क्वेरी आहे. लॉगमध्ये एसक्यूएल दिसत होती म्हणून मी ‘क्वेरी तर जातेय’ असं समजून पुढे गेले होते. नीट बघितल्यावर कळलं की त्या सात छोट्या क्वेरी होत्या, प्रत्येक एकेका आयडीसाठी. तारखेने लावणारी मूळ क्वेरी त्यात नव्हतीच. म्हणजे सात आयडींची यादी कुठून तरी तयार मिळाली होती आणि हायबरनेट फक्त त्या सात ओळी एकेक करून आणत होतं.

आणखी एक खूण पक्की लक्षात ठेवावी अशी आहे. एंटिटी आणणाऱ्या क्वेरीत नवी ओळच गायब असेल, तर संशय क्वेरी कॅशवर घ्यायचा. ओळ आहे पण तिच्यातला आकडा जुना आहे, तर सेकंड लेव्हल कॅशवर. आमच्याकडे आजची ओळच नव्हती, यादी कालच्या तारखेपासून सुरू होत होती.

क्वेरी कॅशमध्ये असतं काय?

हायबरनेट ५ मध्ये एंटिटी देणारी क्वेरी कॅश केली की साठवली जाते ती फक्त आयडींची यादी. म्हणजे ४१२०७, ४११३९, ४१०७२ असे सात आकडे, आणि ती यादी कधी तयार झाली त्याची वेळ. चावी म्हणून क्वेरीचा मजकूर, सगळे पॅरामीटर, आणि पहिली ओळ व कमाल ओळी यांचे आकडे. लसणाची चावी वेगळी, कांद्याची वेगळी.

मग भाव बदलला हे त्या यादीला कळतं कसं? तिला कळत नाही. त्यासाठी कॅशमध्ये वेगळा एक विभाग (रीजन) असतो, ‘डिफॉल्ट-अपडेट-टाइमस्टॅम्प्स-रीजन’. त्यात प्रत्येक टेबलासमोर एकच नोंद असते: या टेबलात शेवटचा बदल कधी झाला. क्वेरी कॅशमधली यादी वापरण्याआधी हायबरनेट त्या क्वेरीत आलेल्या प्रत्येक टेबलाची ही वेळ बघतं. यादी तयार झाल्यानंतर त्यातलं एक जरी टेबल बदललं असेल, तर यादी टाकून दिली जाते आणि क्वेरी डेटाबेसकडे जाते.

ही नोंद टेबलाची असते, ओळीची नाही. भावांच्या टेबलात कांद्याची एक ओळ पडली की लसणाची, हळदीची, सगळ्यांच्याच याद्या बाद होतात. यातून फायदा किती राहतो हे पुढे येईलच. तूर्त आमचा प्रश्न उलटा होता. लिलावाच्या वेळी दर दोन-तीन मिनिटांनी त्या टेबलात ओळ पडत होती, तरी लसणाची सकाळी नऊची यादी पावणेबाराला जिवंत कशी?

गुन्हेगार सापडला तो मुदतीच्या साच्यात

उत्तर हायबरनेटच्या एका वागण्यात आहे. ते मला आधी माहीत असतं तर पहिल्याच फोनला काम झालं असतं. टाइमस्टॅम्पच्या विभागात एखाद्या टेबलाची नोंद सापडलीच नाही, तर हायबरनेट ‘नोंद हरवली असेल, खात्री करून घेऊ’ असं धरत नाही. ‘सर्व्हर सुरू झाल्यापासून या टेबलाला कुणी हात लावलेला नाही’ असं धरतं आणि जुनी यादी बिनदिक्कत देतं.

आमच्या एहकॅशच्या फाइलमध्ये सगळ्या विभागांना एकच साचा (सामायिक मांडणी) लावलेला होता: नोंद टिकण्याची मुदत ३० मिनिटं. क्वेरीच्या विभागाला मात्र ‘भाव दिवसातून एकदाच तर येतात’ असा विचार करून कुणीतरी मुद्दाम ४ तास दिले होते. टाइमस्टॅम्पचा विभाग कुणाच्या ध्यानातच नव्हता, तो साच्यातच राहिला.

आता दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी नऊला एका व्यापाऱ्याने लसणाची स्क्रीन उघडली, कालपर्यंतचे सात आयडी कॅशमध्ये गेले. साडेनऊला लिलाव सुरू झाला. अकरापर्यंत ओळी पडत राहिल्या, टेबलाची वेळ पुढे सरकत राहिली. या दीड तासात कांदा शंभर जणांनी बघितला, त्यामुळे त्याची यादी दर वेळी नवी झाली. लसूण कुणीच बघितला नाही. अकराला शेवटची ओळ पडली. साडेअकराला टाइमस्टॅम्पच्या नोंदीची ३० मिनिटं संपली आणि एहकॅशने ती फेकून दिली. पावणेबाराला दुसऱ्या एका व्यापाऱ्याने लसूण उघडला. नऊची यादी अजून चार तासांच्या आत होती, टेबल बदलल्याची नोंद कुठेच नव्हती. त्याला कालचा भाव दिसला.

कमी बघितले जाणारे शेतमालच का फसतात, साडेअकराच्या आधी तक्रार का येत नाही, रिस्टार्टने बरं का होतं, ही तिन्ही कोडी एकदम सुटली. सात छोट्या क्वेरींचंही कारण मिळालं. एंटिटीच्या विभागाचीही मुदत ३० मिनिटंच होती, त्यामुळे आयडी हातात होते पण ओळी उडून गेलेल्या.

माझ्या मशीनवर हा दोष चार महिने का दिसला नव्हता, तेही यातच आलं. मी ओळ टाकायचे आणि लगेच स्क्रीन उघडायचे. अर्धा तास थांबून बघतं कोण? खात्री करायला मी साच्याची मुदत २० सेकंद केली आणि क्वेरीची १० मिनिटं. लसूण उघडला, ओळ टाकली, घड्याळात बघून २५ सेकंद हात बांधून बसले, पुन्हा लसूण उघडला. कालचा भाव! त्या क्षणी झालेला आनंद मला अजून आठवतो. जो दोष मुद्दाम घडवून आणता येतो, तो दुरुस्तही करता येतो.

लॉगमधला पुरावा हवा असेल तर ‘ऑर्ग.हायबरनेट.कॅश’ हा लॉगर ट्रेस पातळीवर चालू करा. निरोगी वेळी यादी तपासताना टेबलाच्या शेवटच्या बदलाची वेळ आणि यादीची वेळ अशी तुलना छापली जाते. आमच्या बिघडलेल्या वेळी लॉगमध्ये भावांच्या टेबलाची ती तुलनाच नव्हती. काय छापलंय त्याच्याइतकंच काय छापलेलं नाही हेही वाचावं लागलं.

दुरुस्ती दोन ओळींची. टाइमस्टॅम्पच्या विभागाला स्वतंत्र नाव देऊन नोंदवायचं, त्याला मुदत ठेवायचीच नाही, आणि जागा इतकी द्यायची की जितकी टेबलं आहेत तितक्या नोंदी आरामात मावतील. जागा कमी पडून नोंद बाहेर ढकलली गेली तरी हाच दोष येतो, फक्त वेळ ठरलेली नसते, त्यामुळे शोधणं आणखी कठीण. मुदत द्यायचीच असेल, तर क्वेरीच्या कुठल्याही विभागाच्या मुदतीपेक्षा ती मोठी हवी. पण मुळात देऊच नका, नोंदी मूठभर असतात.

याच ओघात नावांबद्दल. ५.३ पासून या विभागांची नावं बदलली. पूर्वी ती क्लासच्या लांबलचक नावांवरून पडायची, आता ‘डिफॉल्ट-क्वेरी-रिझल्ट्स-रीजन’ आणि ‘डिफॉल्ट-अपडेट-टाइमस्टॅम्प्स-रीजन’ अशी आहेत. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, तर हायबरनेट लॉगमध्ये एक इशारा देऊन तो विभाग जागच्या जागी तयार करतं आणि तुमची सगळी मांडणी बाजूला पडते. सुरुवातीच्या शेकडो ओळींत तो इशारा कुणी वाचत नाही. म्हणून ‘हायबरनेट.जावाएक्स.कॅश.मिसिंग_कॅश_स्ट्रॅटेजी’ ही सेटिंग ‘फेल’ करून ठेवा. नाव चुकलं तर अॅप सुरूच होणार नाही, आणि चूक तुमच्या टेबलावर सापडेल, बाजार समितीत नाही.

टाइमस्टॅम्पला कुणी सांगितलंच नाही तर

वरचा दोष गेल्यावर आम्हाला वाटलं सुटलो. तीन आठवड्यांनी पुन्हा फोन, पण लक्षण वेगळं: रिफ्रेश केला की नवा भाव, पुन्हा रिफ्रेश केला की जुना, आलटून पालटून. हे लक्षण दिसलं की सरळ किती सर्व्हर चालू आहेत ते मोजा. हंगामासाठी दुसरा सर्व्हर जोडला होता आणि दोन्हींकडची एहकॅश आपापल्या मेमरीत होती. भाव पहिल्या सर्व्हरवरून भरला गेला, त्याच्या टाइमस्टॅम्पमध्ये नोंद झाली, दुसऱ्याला पत्ताच नाही. यावर मुदत कमी करणं हे औषध नाही. टाइमस्टॅम्पची बातमी सर्व सर्व्हरना पोचवणारी मांडणी लागते, इन्फिनिस्पॅन किंवा हेझलकास्टसारखी, आणि मग सर्व्हरांची घड्याळंही एकमेकांशी जुळलेली लागतात, कारण सगळा निवाडा वेळेच्या तुलनेवर होतो. तेवढा खटाटोप नको असेल तर क्वेरी कॅश बंद ठेवणं जास्त प्रामाणिक. आम्ही भावांच्या क्वेरीसाठी तेच केलं.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे हायबरनेटच्या पाठीमागून होणारं लेखन. रात्रीची स्क्रिप्ट, डेटाबेसच्या खिडकीत हाताने मारलेली अपडेट, त्याच अॅपमध्ये जेडीबीसी टेम्पलेटने (हायबरनेटला वगळून थेट एसक्यूएल चालवून) केलेली नोंद. यातलं काहीच टाइमस्टॅम्पच्या विभागाला कळत नाही. अशा लेखनानंतर ‘सेशनफॅक्टरी.गेटकॅश()’ वरचं ‘इव्हिक्टक्वेरीरीजन’ (क्वेरी कॅश रिकामी करणारं फंक्शन) चालवणारा छोटासा, नीट कुलूपबंद पत्ता (यूआरएल) अॅपमध्ये ठेवा आणि स्क्रिप्टच्या शेवटी तो हाक मारून उठवा. ओळी बदलल्या असतील तर त्या एंटिटीचा विभागही रिकामा करायला लागतो, एकटी क्वेरी कॅश पुरत नाही.

उलटी तक्रार: कॅश चालू आहे पण कुणी वापरतच नाही

हे कमी दुखतं म्हणून वर्षानुवर्षं लपून राहतं. ‘हायबरनेट.जनरेट_स्टॅटिस्टिक्स’ चालू करा आणि क्वेरी कॅशचे हिट (कॅशमध्ये सापडलं), मिस (सापडलं नाही) आणि पुट (कॅशमध्ये ठेवलं) हे तीन आकडे दिवसभर बघा.

तिन्ही शून्य असतील तर क्वेरी कॅश सुरूच झालेली नाही. ती मुळात बंद असते. ‘हायबरनेट.कॅश.यूज_क्वेरी_कॅश’ चालू करावी लागते आणि शिवाय प्रत्येक क्वेरीवर ‘सेटकॅशेबल’ किंवा ‘ऑर्ग.हायबरनेट.कॅशेबल’ ही हिंट द्यावी लागते. स्प्रिंग बूटमध्ये या सेटिंगच्या आधी ‘स्प्रिंग.जेपीए.प्रॉपर्टीज.’ हा उपसर्ग लागतो. तो विसरला तर कुठलीही कुरकुर न करता सेटिंग दुर्लक्षित होते. एवढ्याशा उपसर्गापायी दोन दिवस घालवलेली माणसं मला माहीत आहेत.

मिस आणि पुट वाढताहेत, हिट शून्य, तर पॅरामीटर तपासा. ‘आत्तापर्यंतचे भाव’ असं म्हणून कुणीतरी ‘लोकलडेटटाइम.नाउ()’ थेट क्वेरीत घातलेलं असतं. प्रत्येक विनंतीची वेळ वेगळी, म्हणून चावी वेगळी, म्हणून पुन्हा कधीच जुळत नाही, आणि मेमरी मात्र भरत जाते. तिथे नुसती तारीख पुरत असेल तर तारीखच द्या.

हिट अधूनमधून येतात आणि मग सगळ्याच क्वेरींवर एकदम पाणी फिरतं, असं दिसलं तर नेटिव्ह अपडेट शोधा. नेटिव्ह, म्हणजे हाताने लिहिलेल्या थेट एसक्यूएलने ‘एक्झिक्यूटअपडेट’ केलं की कुठल्या टेबलांना धक्का लागला हे हायबरनेट ठरवू शकत नाही, म्हणून ते सावधपणे सगळंच बाद करतं: सगळ्या एंटिटी, सगळ्या टेबलांचे टाइमस्टॅम्प. लसणाचं प्रकरण मिटल्यानंतर आमच्याकडे दर मिनिटाला ‘शेवटचं लॉगिन’ लिहिणारी अशी एक कोडची ओळ आली होती. वापरकर्त्यांच्या टेबलासाठीची ती एक ओळ जिल्हे, तालुके, शेतमालाचे प्रकार अशी वर्षात न बदलणारी कॅश दर मिनिटाला धुऊन काढत होती. ‘अॅडसिंक्रोनाइझ्डएंटिटीक्लास’ लावून तिला सांगितलं की तुझा संबंध फक्त वापरकर्त्याशी, आणि त्याच दिवसापासून ती शांत झाली.

लांबलेल्या ट्रान्झॅक्शनकडेही (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटाकडेही) बघा. बदल डेटाबेसकडे पाठवताना हायबरनेट आधी टेबलाची वेळ साधारण ६० सेकंद पुढची लिहून ठेवतं, म्हणजे अर्धवट बदलाच्या काळात कुणी जुनं उत्तर कॅशमध्ये टाकून ते ताजं म्हणून वापरू नये. कमिट झालं, म्हणजे बदल पक्के झाले, की खरी वेळ लिहिली जाते. ट्रान्झॅक्शन रेंगाळलं तर तेवढा वेळ त्या टेबलाच्या सगळ्या क्वेरी थेट डेटाबेसकडे जातात. हा दोष नाही, ही काळजी आहे, पण आलेख बघताना गोंधळ होतो.

कॅश लावली आणि स्क्रीन मंदावली

क्वेरी कॅश चालू, पण त्या एंटिटीला सेकंड लेव्हल कॅश लावलेलीच नाही, तर ५०० आयडींची यादी फुकटात मिळते आणि मग ५०० वेळा डेटाबेसचं दार वाजतं. कॅश नसताना एका क्वेरीत सगळं येत होतं. आमच्या सात ओळींमुळे हे लपलं होतं, मोठ्या अहवालात लगेच जाणवतं. एंटिटीवर कॅशची खूण करा आणि तिची मुदत क्वेरीच्या मुदतीपेक्षा कमी ठेवू नका, किंवा एंटिटीऐवजी हवे तेवढेच कॉलम निवडा, म्हणजे यादीत आयडीऐवजी ती मूल्यंच साठतात. हायबरनेट ६.५ पासून क्वेरी कॅशमध्ये नुसता आयडी ठेवायचा की पूर्ण ओळ, हे ‘क्वेरीकॅशलेआउट’ या खुणेने ठरवता येतं. त्यामुळे ५ वरून ६ वर जाताना मेमरी आणि एसक्यूएलची संख्या दोन्ही पुन्हा मोजा, जुने अंदाज धरून चालू नका.

मेमरी क्वेरी कॅशनेच खाल्ली असं ठरवण्याआधी हीप डंप (अॅपच्या मेमरीची नक्कल) काढून प्लॅन कॅशही बघा. क्वेरीतल्या ‘इन’ (यापैकी कुठलाही) या यादीत कधी ५, कधी ६, कधी ७ आयडी जात असतील तर प्रत्येक संख्येचा वेगळा प्लॅन साठतो. प्लॅन कॅशची मूळ मर्यादा २०४८ आहे आणि मोठे प्लॅन बऱ्यापैकी जागा घेतात. ‘हायबरनेट.क्वेरी.इन_क्लॉज_पॅरामीटर_पॅडिंग’ चालू केलं की ५, ६, ७ हे सगळे ८ वर नेले जातात आणि प्लॅनची गर्दी ओसरते.

आता कॅश ठेवायची कुठे, यावर माझं मत स्पष्ट आहे. हायबरनेटची कागदपत्रंच सांगतात की बहुतेक अॅपना क्वेरीचे निकाल कॅश करून काही फायदा होत नाही, म्हणून ती मुळात बंद ठेवली आहे. मला हे अक्षरशः पटतं. ज्या टेबलात रोज लिहिलं जातं तिथे ती लावूच नये. आमच्या अॅपमध्ये पूर्वी ३४ क्वेरी कॅशेबल होत्या, आता ५ आहेत: जिल्हे, तालुके, शेतमाल, वाण आणि मोजमापाची एककं. ही टेबलं महिनोन्‌महिने बदलत नाहीत आणि प्रत्येक स्क्रीनवर लागतात. भावांची क्वेरी सरळ डेटाबेसकडे जाते. शेतमाल आणि तारीख या दोन कॉलमवर एक इंडेक्स (ओळी चटकन शोधून देणारी सूची) टाकला, आणि ती काही मिलिसेकंदांत उत्तर देते. हा इंडेक्स पहिल्याच दिवशी टाकला असता, तर भावांसाठी कॅश लावायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

साच्याची मुदत २० सेकंद करून केलेली ती चाचणी आता आमच्या स्वयंचलित चाचण्यांमध्ये कायमची बसवली आहे, जिल्ह्यांच्या क्वेरीवर. टाइमस्टॅम्पच्या विभागाला कुणी चुकून पुन्हा साचा लावला, तर २५ सेकंदांनी ती लाल होते.